मोडीचे वळण आणि यंत्राची दृष्टी

रायपूरची पुरानी बस्ती महामायेच्या मंदिराभोवती वसलेली आहे. १८१८ साली छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. त्या राज्याच्या दफ्तराची लिपी मोडी. असल्या जुन्या दफ्तरांना आज कागदाची वाण नाही, वाण आहे ती वाचकांची. आणि यंत्राला वाचन शिकवायचे तर तोच वाचक आधी लागतो.

कारण यंत्र नमुन्यांवरून शिकते. अक्षराचे चित्र आणि त्याशेजारी कोणी जाणत्याने लिहिलेले त्याचे नाव, अशी जोडी त्याला हवी. मोडीत तर पानभर रेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जावयाची. शब्द तोडलेला नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. अशा जोड्या थोड्याच मिळतात.

थोड्यावर भागविण्याची युक्ती जुनी आहे. १९८९ साली अमेरिकेत यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी टपालावरील हस्तलिखित आकडे यंत्राकडून वाचविले, ते अवघ्या ७,२९१ नमुन्यांवर. एकच लहान चौकट साऱ्या चित्रावरून फिरविल्याने यंत्राला शिकण्याजोगे कमी उरले. पुढे २०१२ साली टोरांटोच्या संशोधकांपाशी बारा लक्ष चित्रे होती. तरीही त्यांनी ती कातरून आणि उजवीडावी उलटवून वाढविली. मांजर आरशातही मांजरच असते. अक्षराचे तसे नाही. काना डावीकडे गेला की अक्षर मेले! म्हणून मोडीला थोडा कल द्यावा, बोरूची रेघ जाड किंवा बारीक करावी, शाई फिकी करावी. याहून अधिक काही नाही. देवनागरीवर आधी शिकलेल्या यंत्राची रेषा व वळणे ओळखण्याची विद्या कायम ठेवून केवळ शेवटचा थर मोडीसाठी नव्याने शिकविणे, हा दुसरा मार्ग.

परीक्षा मात्र कठोर हवी. ज्या कारकुनाच्या अक्षरावर यंत्र शिकले, त्याच्याच अक्षराच्या बदललेल्या प्रती परीक्षेत आल्या, तर मिळणारे गुण खोटे होत.

२०२५ साली रुडकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मोडीची २,०४३ चित्रे देवनागरी लिप्यंतरासह सिद्ध केली. एवढ्यासाठीही वाचणारे डोळे लागतात. ते थोडे असल्यास आणखी एक व्यवस्था करता येते: यंत्राने सोपी अक्षरे स्वतः वाचावी, आणि ज्यांविषयी त्याला सर्वाधिक शंका येते तेवढीच काढून मोडीच्या जाणत्यापुढे ठेवावी.