मलम बंद करण्याचा इतिहास

काही रोगांच्या इतिहासात खलनायक शोधायला फार लांब जावं लागत नाही. तो घरातल्या औषधांच्या डब्यातच सापडतो. पेरीओरल डर्माटायटिस त्यातलाच. नाव जडजंबाल, पण प्रकार दिसायला साधा: तोंडाभोवती, हनुवटीवर, नाकाच्या कडेला बारीक लाल पुरळ आणि जळजळ. ओठांना लागून मात्र एक अरुंद पट्टा बहुतेक वेळा स्वच्छ राहतो. बरेचसे रुग्ण म्हणजे विशी ते चाळिशीतल्या बायका. पिंपल्स समजून लोक काहीबाही चोळत बसतात, आणि तिथेच घोळ होतो.

सुरुवात होते १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. संधिवाताने जखडलेल्या एका बाईला फिलिप हेंचच्या चमूने कॉर्टिसोन टोचलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. साहजिकच त्वचारोगवाल्यांनाही हे औषध हवं होतं, पण कॉर्टिसोन कातडीवर चोळून काही होईना. मग १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी त्याचंच भावंड, हायड्रोकॉर्टिसोन, मलमातून लावून पाहिलं आणि इसब बसायला लागलं! पुढे रसायनशास्त्रज्ञांनी या रेणूत फ्लोरिनचा अणू बसवला आणि ताकद कितीतरी वाढली. ती मोजायची १९६२ मधली मॅकेन्झी आणि स्टाउटन यांची युक्ती तर झकासच आहे. हातावर औषध लावा आणि कातडी किती पांढरी पडते ते बघा. औषध रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून पांढरेपणा. जितकी पांढरी तितकं औषध जबर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच सुमारास ते पुरळ डॉक्टरांच्या नजरेत यायला लागलं. १९५७ मध्ये फ्रुमेस आणि लुईस यांनी वर्णन केलं तेव्हा संशय उन्हावर होता. आजचं नाव १९६४ मध्ये मिहान आणि एअर्स यांनी दिलं. मग आरोपी बदलत राहिले: टूथपेस्टमधलं फ्लोराइड, गर्भनिरोधक गोळ्या, क्रीम-पावडरी, बुरशी... (यातले काही अजूनही पूर्ण निर्दोष सुटलेले नाहीत.) आणि चेहरा लाल झाला की लावायला काय? तेच नवं, फ्लोरिनवालं मलम! थोड्याच दिवसांत लाली कमी. पेशंट खूश, डॉक्टर खूश. बंद केलं की आवळलेल्या रक्तवाहिन्या फुगणार, पुरळ आणखी जोरात उसळणार, की परत ट्यूब. आम्ही सॉफ्टवेअरवाले कधी कधी एरर दिसू नये म्हणून लॉगच बंद करतो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे लॉग बंद केल्यानेच बग वाढत होता.

१९६९ मध्ये शेफिल्डच्या इयन स्नेडनने लिहिलं की जबर स्टेरॉईड मलमांनी चेहऱ्यावरचा रोझेशिया बिघडतो. १९७२ मध्ये पेरीओरल डर्माटायटिसवरही त्याचा लेख आला. त्याच वर्षी मॅकडोनाल्ड आणि फायवेल यांनी टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांनी केलेले उपचार छापले. आजचा उपचारही बराचसा याच वाटेने जातो. स्टेरॉईड थांबवायचं, शक्य तितकी प्रसाधनंही थांबवायची. यालाच 'झिरो थेरपी' म्हणतात. सौम्य प्रकरणात एवढंच पुरतं, नाहीतर मेट्रोनिडॅझोल, एरिथ्रोमायसिन किंवा पिमेक्रोलिमस वरून लावायला देतात. जास्त असेल तर काही आठवडे डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी. ती जंतू मारण्यापेक्षा दाह कमी करते म्हणून चालते, असं मानतात. लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि गरोदरपणीही ही औषधं चालत नाहीत, म्हणून तिथे एरिथ्रोमायसिनसारखा पर्याय.

ऐकायला सोपं. पण मलम सोडल्यावर पुरळ आधी उफाळतं, आणि ते आठवडे काढणं हाच खरा उपचार. रोज ऑफिसात, मीटिंगमध्ये तो चेहरा घेऊन जायचं असतं. ट्यूब समोर असते आणि उद्यापर्यंत आराम पडेल हे माहीत असतं. म्हणून काही डॉक्टर मध्ये सौम्य हायड्रोकॉर्टिसोनची पायरी ठेवून हळूहळू उतरवतात.

आता एक गंमत. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमनने लेडनसोबत, फ्लोरिनवाली स्टेरॉईड चेहऱ्यावर लावल्याचे दुष्परिणाम मांडले. आणि १९७५ मध्ये याच क्लिगमनने विलिससोबत काळे डाग घालवायचं सूत्र छापलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन. शेवटचं नाव फ्लोरिनवाल्या स्टेरॉईडचंच! याच धर्तीची तीन औषधांची क्रीमं आपल्याकडे गोरं व्हायला म्हणून वर्षानुवर्षं सर्रास विकली गेली. २०११ मध्ये छापलेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर तरी.

तेव्हा गोरेपणाच्या नाहीतर 'सगळ्यावर चालणाऱ्या' क्रीमची ट्यूब घरात असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं की ते स्टेरॉईड. बरेच महिने लावत असाल तर ती ट्यूब खिशात घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, नाहीतर तिथे क्रीमचं नाव आठवत नाही आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते.