एका जॅझवादकाचें विद्यार्थिजीवन

जॅझ हें संगीत शिकवून येत नाहीं, तें अंगांतच असावें लागतें, असा समज फार दिवसांपासून रूढ आहे. या समजांत कौतुक आहे, तसा अन्यायहि आहे. कारण ज्यांनीं हें संगीत शिकविलें त्यांचे श्रम त्यामुळें दृष्टीआड होतात. जॅझमधील अत्यंत नामांकित वादक लुई आर्मस्ट्राँग याचें विद्यार्थिजीवन पाहिलें म्हणजे खरी हकीकत कळून येते.

अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या एका दरिद्री वस्तींत १९०१ सालीं त्याचा जन्म झाला. बाप घर सोडून गेलेला. आई मोलमजुरी करी. मुलगा रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवी. १९१२ सालच्या अखेरच्या रात्रीं, नववर्षाच्या जल्लोषांत, त्यानें घरांतील पिस्तूल हवेंत झाडलें. पोलिसांनीं त्यास पकडलें आणि या अकरा वर्षांच्या मुलाची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहांत झाली.

तेथें पीटर डेव्हिस हे शिक्षक मुलांचा बँड चालवीत. बदनाम वस्तींतून आलेल्या या मुलावर प्रथम त्यांचा मुळींच विश्वास बसला नाहीं. कांहीं काळानें त्यांनीं त्याच्या हातीं खंजिरी दिली. नंतर ऑल्टो हॉर्न, मग बिगुल आणि शेवटीं कॉर्नेट. या क्रमास अर्थ होता. खंजिरीनें ताल पक्का झाला. ऑल्टो हॉर्न हें साथीचें वाद्य. त्यानें दुसऱ्याच्या सुरांत सूर मिळविण्याची संवय लागली. बिगुलला चाव्या नसतात. प्रत्येक स्वर ओठांचा ताण आणि श्वासाचा दाब यांवरच काढावा लागतो. त्यामुळें तीन चाव्यांचें कॉर्नेट हातीं येण्यापूर्वींच ओठ तयार झाले होते. पुढें तो त्या बँडचा नायक झाला. बँडची मिरवणूक एकदां त्याच्या जुन्या वस्तींतून निघाली, तेव्हां तेथील लोकांनीं इतके पैसे दिले कीं, त्यांतून बँडसाठीं नवीं वाद्यें व पोशाख घेतां आले, असें त्यानें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे.

१९१४ सालीं सुटका झाल्यावर दिवसा कोळसा वाहावा व रात्रीं वाजवावें, असा त्याचा क्रम सुरू झाला. याच काळांत त्यास दुसरे गुरु लाभले. जो ऑलिव्हर हे शहरांतील अग्रगण्य कॉर्नेटवादक. पुढें लोक त्यांस ‘किंग’ म्हणूं लागले. मुलानें त्यांच्या पत्नीचीं बाजारचीं कामें करावीं आणि त्यांनीं त्यास धडे द्यावे, असा व्यवहार ठरला. फी अशी कांहीं नव्हती. ऑलिव्हर यांनीं आपलें जुनें कॉर्नेट त्यास देऊन टाकलें. त्यांची मुख्य शिकवण संयमाची होती. बोटें चपळ झालेला मुलगा सुरांची आतषबाजी करूं लागे. मूळ चाल ऐकणाऱ्याच्या कानांतून सुटूं नये, हें ते त्यास बजावून सांगत.

ऑलिव्हर शिकागोस गेल्यावर किड ओरी यांच्या बँडमधील त्यांची जागा आर्मस्ट्राँगला मिळाली. परंतु लिहिलेलें संगीत झरझर वाचणें त्यास अद्यापि जमत नव्हतें. १९१९ च्या सुमारास तो फेट मॅरेबल यांच्या बँडमध्यें दाखल झाला. हा बँड मिसिसिपी नदीवरील नाचगाण्याच्या आगबोटींवर वाजवी. तेथें नवनवीं गीतें कागदावरून वाजवावीं लागत. बँडमधीलच डेव्हिड जोन्स या वादकानें फुरसतीच्या वेळीं जवळ बसवून त्यास स्वरलिपि शिकविली. कानानें शिकलेली विद्या अशी डोळ्यांनाहि अवगत झाली.

१९२२ च्या ऑगस्टमध्यें ऑलिव्हर यांनीं शिष्यास शिकागोस बोलावून घेतलें आणि आपल्या शेजारीं दुसऱ्या कॉर्नेटवर उभें केलें. गाणें चालूं असतां गुरु पुढील तुकडा हळूच सुचवीत आणि क्षणांत दोन्ही कॉर्नेटें जुळून तो वाजवीत. पुढ्यांत कागद नसे. हें कसें साधतें याचें इतर वादकांस मोठें नवल वाटे. ज्यास लोक निव्वळ उत्स्फूर्तता समजत, त्याच्या मागें अनेक वर्षांचा अभ्यास उभा होता. १९२३ च्या एप्रिलमध्यें या बँडच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि दुसऱ्या वर्षीं शिष्य गुरूस सोडून न्यूयॉर्कला गेला.

पुढें शिष्याची कीर्ति वाढली आणि गुरूचें दैव फिरलें. हिरड्यांच्या विकारानें ऑलिव्हर यांचें वादन थांबलें. १९३७ सालीं आर्मस्ट्राँगचा बँड सॅव्हाना शहरीं गेला असतां त्यास ऑलिव्हर रस्त्यावर भाजी विकतांना दिसले. त्यानें आणि सोबतच्या वादकांनीं खिशांतील पैसे त्यांच्या हातीं ठेवले. त्या रात्रीं गुरु नीटनेटका पोशाख करून कार्यक्रमास आले आणि रंगमंचाच्या कडेला उभे राहून शिष्याचें वादन ऐकत राहिले. १९३८ च्या एप्रिलमध्यें ते वारले. आर्मस्ट्राँग १९७१ सालीं निवर्तला. आपलें ऋण ऑलिव्हर यांचें आहे, हें तो अखेरपर्यंत सांगत असे.