काळ्या लाकडाची ओढ

घरातील जुन्या लाकडी सामानाला गडद रंग देऊन घेण्याची हौस आज केजसारख्या तालुक्याच्या गावातही घरोघरी दिसते. नवे घर बांधले, भिंतींना नवा रंग दिला, की आजोबांच्या काळचे फिकट कपाट डोळ्यांना खुपू लागते. मग एखाद्या रविवारी काचकागद, स्पिरिट आणि रंगाची डबी आणून घरचीच मंडळी त्याला काळसर करावयास बसतात. गडद लाकूड भारदस्त, फिकट लाकूड साधे, ही समजूत आपल्या मनात रुजली कशी, याचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्हांस वाटते.

काळ्या लाकडाची प्रतिष्ठा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या ग्रंथात भडोच बंदरातून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मोठ्या गलबतांचा उल्लेख येतो. तांबे आणि चंदन यांच्याबरोबर सागवानाच्या तुळया, शिसवाचे आणि आबनुसाचे ओंडके त्यांत भरले जात. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर या बाजारपेठांची नावे आहेत. तगर म्हणजे केजच्या दक्षिणेस, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर. तेथील कापड गाड्यांतून भडोचला पोहोचत असे. सारांश, आपल्या भागातील कापड ज्या बंदरातून परदेशी जाई, त्याच बंदरातून काळे लाकूडही जात होते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी या लाकडाला नवे वैभव दिले. शिसवाचा गाभा मुळातच जांभळट तपकिरी असतो आणि पॉलिश चढले की तो जवळजवळ काळा दिसतो. त्यावर वेली, पाने, फुले कोरून बनविलेल्या खुर्च्या, मेजे आणि कोच 'ब्लॅकवुड' या नावाने प्रसिद्धीस आले. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनातही मुंबईचे असे कोरीव सामान मांडले होते. युरोपीय अधिकारी आणि धनिक पारशी यांच्या दिवाणखान्यांत ते विराजमान झाले, आणि काळे लाकूड म्हणजे श्रीमंती हे समीकरण पक्के झाले. ज्यांना शिसव परवडत नव्हते त्यांना सागवानावर गडद रंग चढवून तोच थाट आणता येत होता. घरगुती रंगकामामागची प्रेरणा येथे सापडते.

बालाघाटच्या कोरड्या पठारावरील केजच्या परिसरात मात्र सुताराच्या हाती येई ते लाकूड बाभळीचे, लिंबाचे, आंब्याचे. या साध्या लाकडालाही काळे होण्याची स्वतःची रीत आहे. बाभळीच्या बैलगाडीत जेथे लोखंडी खिळा किंवा पट्टी बसते, तेथे पावसाळ्यात लाकडावर निळसर काळा डाग उमटतो. बाभळीत तुरट द्रव्य भरपूर असते. त्यामुळेच तिची साल कातडी कमावण्यास वापरतात. ते द्रव्य, पाणी आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून होणाऱ्या काळ्या शाईचे मर्म हेच, आणि हिरड्यात भिजविलेल्या कापडावर लोखंडाच्या पाण्याने उठणाऱ्या काळ्या नक्षीचेही हेच. गंजलेले लोखंड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून ते पाणी अशा लाकडावर फिरविले, तर लाकूड डोळ्यांदेखत काळवंडते. येथे लाकडातील द्रव्यच रंग बनते, म्हणून त्याच्या रेषा झाकल्या जात नाहीत. जवसाच्या तेलाचेही तसेच आहे. चौकटीला अधूनमधून तेलाचा हात दिला, की वर्षानुवर्षे मुरत ती आपोआप गडद होते.

दुसरी रीत वरून थर देण्याची. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख आपल्याला लाक्षागृहाच्या कथेपासून परिचित आहे. ही चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ थरांवर थर घासणे, हे फ्रेंच पॉलिश एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात रूढ झाले आणि पुढे आपल्या सुतारांनी आपलेसे केले. त्यात गेरू किंवा काजळी मिसळली की हवी ती छटा मिळते. मात्र रंग दाट झाला, की सांधे, लांबी आणि हलके लाकूड सारेच झाकले जाते. लबाडीला येथूनच वाट मिळते.

वस्तू जुनी दिसावी या हव्यासाचे मोल कधी कधी वस्तूलाच चुकवावे लागते. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या सुमारास, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून, खरवडून काढण्यात आला. त्यामुळे तिचा जांभा दगड पावसाच्या माऱ्याला उघडा पडला. गिलावा पुन्हा द्यावा की नाही, हा वाद तेव्हापासून सुटलेला नाही. जुन्या कपाटाला हात घालताना हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

म्हणून घरी हे काम करणाऱ्यांनी प्रथम मागच्या बाजूस स्पिरिटचा थेंब टाकून पाहावे. थर चिकट होऊन सुटू लागला, तर ती लाख आहे आणि ती स्पिरिटनेच हलक्या हाताने उतरविता येते. काचकागद नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा. नवा रंग आधी न दिसणाऱ्या जागी लावून वाळू द्यावा, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. जुना तैलरंग घासताना विशेष सावध असावे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१७ पासून लागू झाली; त्यापूर्वीच्या रंगाची धूळ लहान मुलांना अपायकारक ठरू शकते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

खऱ्या शिसवाची आज टंचाई आहे. २०१७ च्या जानेवारीपासून त्याच्या साऱ्या प्रजातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधाखाली आला आहे. अशा वेळी नवे झाड तोडण्यापेक्षा घरातील लिंबाचे कपाट नीट करून वापरणे केव्हाही शहाणपणाचे. त्याला गडद करण्यात गैर काही नाही. ते शिसवाचे आहे असे मात्र कोणाला भासवू नये, आणि ज्या सुताराने ते घडविले त्याच्या रंध्याच्या खुणा व लिंबाच्या रेषा नव्या रंगाखालूनही दिसत राहतील, इतकाच पातळ हात द्यावा.