वज्रलेप आणि फेविक्विक

पुसदच्या बाजारात कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये ‘सायनोॲक्रिलेट द्या’ असे म्हटले, तर दुकानदार आपल्याला मेडिकलचा रस्ता दाखवील. हा शब्द नळीवर बारीक अक्षरात छापलेला असतो. वाचला मात्र जात नाही. चपलेचा अंगठा, चष्म्याची दांडी, रिमोटचे झाकण, यांपैकी काहीही तुटले की मागितले जाते ते ‘फेविक्विक’. दुसऱ्या कंपनीची नळी मिळाली तरी तिचेही नाव तेच. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची ही प्रक्रिया वर्गात शिकवताना आपण ‘डालडा’चे उदाहरण देत आलो, आता हेही द्यावे.

दुर्लक्षित राहिलेला तो पारिभाषिक शब्द फोडून पाहण्यासारखा आहे. ‘सायनो’ हा ग्रीकमधल्या गडद निळ्या रंगाच्या शब्दावरून आला. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘प्रशियन ब्लू’ हा रंग तयार झाला, पुढे १७८२ साली शेले या रसायनतज्ज्ञाने त्यापासून एक आम्ल मिळवले, आणि त्या कुळातल्या संयुगांना निळाईचे नाव चिकटले. ‘ॲक्रि’ हे लॅटिनमधल्या तिखट, उग्र या अर्थाच्या शब्दापासून, ॲक्रोलीन या द्रव्यामार्फत आले. कढईतले तेल फार तापून धुरावले की डोळ्यांना आणि घशाला जो ठसका लागतो, तो बहुतांशी या ॲक्रोलीनचा. म्हणजे शब्दशः पाहता हा ‘निळा-उग्र’ पदार्थ झाला. नळीतला द्रव तर पाण्यासारखा नितळ! नावात चिकटपणाचा उल्लेखही नाही.

त्याचे कारण या पदार्थाच्या इतिहासात सापडते. कोणी गोंद शोधायला निघाले नव्हते. १९४२ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन हाताळताच सगळ्याला चिकटू लागले, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. १९५१ मध्ये फ्रेड जॉयनर या सहकाऱ्याने त्याचा थर अपवर्तनमापकाच्या दोन लोलकांमध्ये दिला आणि ते महागडे लोलक सुटेनात. तेव्हा कुठे दोष हाच गुण असल्याचे ध्यानात आले. १९५८ पासून ‘ईस्टमन ९१०’ या नावाने ते विकले जाऊ लागले.

आपल्याकडे ते आले ते चिकटवण्याच्या जुन्या शब्दसंपत्तीत. पतंगाला खळ, पाकिटाला डिंक, सुताराला सरस, दागिन्याच्या पोकळीत लाख. यांतील खळ, डिंक आणि सरस यांचा धर्म एक: त्यांतले पाणी निघून गेले की ते धरतात. म्हणूनच चिकटवल्यानंतर आपण सहज विचारतो, ‘वाळलं का?’ फेविक्विकलाही हाच प्रश्न विचारला जातो, आणि इथे क्रियापद चुकते. ते वाळत नाही. हवेतल्या, वस्तूच्या पृष्ठावरच्या किंचित ओलीने त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि साखळ्या तयार होतात. जुना गोंद ओल गेल्यावर धरतो, हा ओल मिळाल्यावर. बोटे क्षणात चिकटतात ती घामामुळे. आणि पुसदच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेपेक्षा श्रावणात ते लवकर धरते तेही याचमुळे. शब्द मात्र अजून डिंकाच्याच काळात आहे.

विज्ञानाच्या पुस्तकी मराठीने यासाठी ‘आसंजक’ हा शब्द वापरला. व्युत्पत्तीने तो सुंदर आहे, कारण ‘आसक्ती’ आणि ‘संग’ याच धातूतून आले. पण तो कधी दुकानात उतरला नाही. त्याहून पुष्कळ जुना आणि अजून जिवंत असलेला पारिभाषिक शब्द आपल्याजवळ आहे: वज्रलेप.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्चे तिंदुक, कच्चे कवठ, शाल्मलीची फुले, शल्लकीच्या बिया, धन्वनाची साल आणि वेखंड एक द्रोण पाण्यात उकळून अष्टमांश उरवायचे. त्यात गुग्गुळ, भल्लातक, राळ, जवस, बेल इत्यादी मिसळायचे. आणि हा लेप तापवून देवालय, मूर्ती, भिंत यांना लावायचा. ही यादी संस्कृतात परकी वाटते, पण मराठी नावे घातली की चित्र बदलते. तिंदुक म्हणजे टेंभुर्णी, शाल्मली म्हणजे काटेसावर, शल्लकी म्हणजे सालई, भल्लातक म्हणजे बिबा. पुसदपासून पैनगंगेकडे जाणाऱ्या सागवानी जंगलात ही झाडे आजही उभी आहेत, आणि जवस तर विदर्भातले शेतातले पीक. वराहमिहिराला पुसद ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याचा निम्मा कारखाना आपल्या शिवारात आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी.

पुढे शब्द राहिला आणि कृती गळाली. पुण्यक्षेत्री केलेले पाप वज्रलेप होते, असे एक सुभाषित सांगते. तिथे लेप नाही, न पुसले जाणे एवढाच अर्थ उरला. आपल्या काळात तो पुन्हा मूर्तीकडे परतला. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीवर १९८८, २००५, २०१२ आणि २०२० मध्ये वज्रलेप झाल्याच्या बातम्या आल्या. द्रव्य होते आधुनिक, कृत्रिम रेझिनच्या जातीचे. ते गैर नाही. मूर्तीची झीज थांबवणे आवश्यकच आहे. पण ‘वज्रलेप’ ऐकताना भाविकाच्या मनात काहीतरी प्राचीन, मंत्रपूत उभे राहते, आणि नेमके काय लावले हा प्रश्न विचारावासाच वाटत नाही. कोल्हापूरच्या अंबाबाई मूर्तीच्या २०१५ मधील संवर्धनानंतर मस्तकावरच्या नागाच्या आकृतीवरून वाद पेटला, तेव्हा हा प्रश्न उशिरा का होईना विचारला गेला.

याच्या शेजारी ‘फेविक्विक’ ठेवून पाहा. त्याच कंपनीच्या फेव्हिकॉलला मराठीने घट्टपणाचा वाक्प्रचार केले. खुर्चीला फेव्हिकॉल लावून बसलेले पुढारी आपण रोज पाहतो. फेविक्विक त्याहून झटपट धरते, तरी ‘सध्या फेविक्विक लावून भागवू’ हा तात्पुरत्या डागडुजीचाच उद्गार. रसायनशास्त्र लोकांच्याच बाजूने आहे: हा जोड सरळ ओढ सोसतो, पण ठिसूळ असल्याने आघाताने आणि सोलल्यासारख्या ताणाने सुटतो. म्हणजे ज्यांनी ‘सायनोॲक्रिलेट’ कधी उच्चारला नाही त्यांना पदार्थाचा स्वभाव ठाऊक आहे. आणि ज्या शब्दाला दीड हजार वर्षांची परंपरा आहे, तो उच्चारणाऱ्यांना त्यातले द्रव्य ठाऊक नाही.

वराहमिहिराने नावाआधी घटक सांगितले, प्रमाण सांगितले, आणि मग ‘याला वज्रलेप म्हणतात’ असे म्हटले. देवस्थानांच्या पत्रकांनी निदान हा क्रम पाळायला हरकत नव्हती.