करंजीचा घाट आणि एरंडेल

1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली, हे आम्ही नगरकर मोठ्या कौतुकाने सांगतो. गाडी धावली कशी, हे सगळे विचारतात. थांबली कशी, हे कोणी विचारत नाही. आजच्या एसटीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. मला बोलायचे आहे ते मोटारी-जीपगाड्यांच्या ब्रेकविषयी, ज्यांचा सारा भरवसा वाटीभर तेलावर असतो.

सुरुवातीच्या मोटारींत ब्रेक सळयांनी आणि तारांनी ओढले जात. एक तार सैल, दुसरी ताठ. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला खेचायची. यावरचा उपाय पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या, 1663 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या ग्रंथात होता. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. समजा, पायाचा जोर 20 किलो आहे. पॅडलच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे 100 किलो झाला. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या 4 चौरस सेंटिमीटरचा असेल, तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला 25 किलो दाब येतो. चाकाजवळचा दट्ट्या 20 चौरस सेंटिमीटरचा असला, तर तिथे जोर 500 किलो! अर्थात फुकट काही नाही. पाय बराच सरकतो, तेव्हा तो दट्ट्या जेमतेम हलतो.

अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी 1917 मध्ये याचे पेटंट मिळवले. 1921 च्या ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले, 1924 मध्ये क्रायस्लरने ते आणखी सुधारले. फोर्ड मात्र 1939 च्या मॉडेलपर्यंत तारा-सळयांनाच धरून बसला.

खरी अडचण होती तेलाची. खनिज तेलाने रबराच्या वाट्या फुगतात. म्हणून सुरुवातीला चक्क एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत. पुढे ग्लायकोलची ब्रेक ऑइले आली. त्यांचा एक अवगुण आहे: ती हवेतले पाणी शोषतात. डॉट-3 प्रतीचे नवे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की ही हमी 140 अंशांवर येते.

नवी गाडी सरकारी चाचणीत उत्तीर्ण होते ती ताज्या ऑइलवर. वाहनांच्या अशा चाचण्या घेणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आमच्या नगरचीच. पण तीच गाडी, ऑइल न बदलता, काही पावसाळे काढून पाथर्डी रस्त्यावरचा करंजी घाट उतरू लागते तेव्हा? चालक न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. ब्रेक तापतात, ऑइल उकळते, वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. पाय थेट तळाला जातो आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. वर ब्रेक थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा तेल होते आणि मिस्त्री म्हणतो, ‘ब्रेक तर चांगले आहेत!’

जुने चालक ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचे. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून नळ्यांतली हवा काढून घ्यायला फार खर्च येत नाही.