मानेतील गाठी, प्रौढांतील

मानेच्या पुढील किंवा बाजूच्या भागात दिसणाऱ्या अथवा हाताला लागणाऱ्या फुगवटीस सामान्यतः गाठ म्हणतात. ती लसीका ग्रंथी, अवटू ग्रंथी, लाला ग्रंथी किंवा त्वचेखालील ऊतक यांपैकी कशातूनही उद्‌भवते. गाठ हे लक्षण असून तो स्वतंत्र रोग नव्हे, हे स्पष्ट होण्यास फार काळ लागला.

इतिहास : चरकसंहितेत गळ्याच्या बाजूस एकच गाठ असल्यास गलगंड व अनेक असल्यास गंडमाळा असा भेद केलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे एकत्र वर्णन आढळते. इंग्लंड व फ्रान्समध्ये राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात, असा समज होता. इंग्लंडमधील ही प्रथा ॲन राणीच्या मृत्यूनंतर (१७१४) बंद पडली.

गलगंडावर आयोडिनाचा उपयोग झां फ्रांस्वा क्वांदे यांनी १८२० मध्ये सुरू केला. टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसीका ग्रंथींच्या एका वेगळ्या विकाराचे वर्णन केले. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतू शोधल्यामुळे बहुतेक गंडमाळांचे कारण उमगले. अवटू ग्रंथीविषयक कार्याबद्दल थेओडोर कोखर यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हेझ मार्टिन व एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये सुईने कोशिका ओढून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे अनेक गाठींचे निदान त्या न कापता करता येऊ लागले.

निदान व उपचार : गिळताना वर सरकणारी गाठ बहुधा अवटू ग्रंथीची असते. एकमेकींस चिकटलेल्या गाठी क्षयाची शंका निर्माण करतात. कठीण, वेदनारहित व दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकणारी गाठ प्रौढात कर्करोगाची असू शकते. मूळ कर्करोग पुष्कळदा तोंडात, घशात किंवा स्वरयंत्रात दडलेला असल्याने ते भाग प्रथम तपासतात. ही तपासणी न करता गाठ कापून काढल्यास पुढील उपचार अवघड होतात. मात्र लसीकार्बुदाच्या निश्चितीसाठी बहुधा ग्रंथीचा मोठा तुकडा किंवा संपूर्ण ग्रंथी काढावी लागते. ग्रंथींच्या क्षयावर साधारणतः सहा महिने औषधे देतात. कर्करोगावर शस्त्रक्रिया, प्रारण व औषधे यांचा वापर होतो.

यवतमाळ जिल्हा : विदर्भातील या जिल्ह्यात तंबाखू व सुपारी यांपासून केलेला खर्रा खाण्याची सवय रूढ आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी ही सवय मोडली नाही. म्हणून येथे मानेची गाठ दिसताच तोंड तपासणे विशेष महत्त्वाचे ठरते. यवतमाळ येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये स्थापन झाले. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी मानणे व केवळ लेप लावून वाट पाहणे धोक्याचे असते. कारण साध्य अवस्थेतील रोग या विलंबातच असाध्य होऊ शकतो.