कामठ्याची जमीनदारी

इंग्लंडचा इतिहास वाचतांना एक गोष्ट ठायीं ठायीं आढळते. तेथें राजे बदलले, धर्मपंथ बदलले, पण जमिनीवरचीं मोठीं घराणीं सहसा हाललीं नाहींत. कॅव्हेंडिश घराण्यानें चॅट्स्वर्थची मिळकत १५४९ सालीं विकत घेतली. त्या घराण्याचें नांव आजही तिच्याशीं जोडलेलें आहे. बापामागें सारी मिळकत थोरल्याकडे जावी आणि धाकट्यांनीं सैन्यांत, चर्चमध्यें वा वकिलींत नशीब काढावें, ह्या रूढीमुळें तिचे तुकडे झाले नाहींत.

आपल्या भंडाऱ्याकडेही, भावांभावांत वांटणी न होतां थोरल्याच्याच हातीं जाणाऱ्या जमीनदाऱ्या होत्या. कामठ्याची जमीनदारी त्यांतली एक मोठी. कामठा हें गांव आज गोंदिया जिल्ह्यांत आहे. १९९९ पर्यंत तें भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींत ही जमीनदारी एका कुणबी घराण्याकडे होती, आणि तिचा पसारा आजच्या बालाघाटापर्यंत पोहोंचला होता.

परंतु येथील घराण्याला इंग्लंडांतल्यासारखें स्थैर्य लाभलें नाहीं. नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीवर आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. पुढील वर्षीं मे महिन्यांत ते इंग्रजांच्या पहाऱ्यांतून निसटले, आणि त्याच धामधुमीच्या सालीं कामठ्याचा चिमणा पाटील नागपूरच्या नव्या कारभाराविरुद्ध उठला. सप्टेंबरांत कॅप्टन गॉर्डनच्या फौजेनें कामठा घेतला. जुन्या घराण्याची जमीनदारी गेली आणि ती एका लोधी घराण्याच्या हवालीं झाली. धानाचीं बांधींही तींच, कसणारे हातही तेच. बदललें तें फक्त मालकाचें नांव.

तेव्हां प्रश्न असा कीं, ही मालकी मुळांत कशावर उभी होती? जें सरकारनें दिलें तें सरकारनें काढून घेतलें. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि नंतरच्या जमाबंदींत गांवोगांवचे पाटील मालगुजार म्हणून गांवाचे मालक ठरले. तोंपर्यंत ते वसूल गोळा करीत असत. आतां लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशीं धनी झाले!

मालकीचा ह्याहून सबळ दाखला मला नवेगांवबांधाच्या पाळीवर दिसतो. तेथील विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यानें बांधला असें परंपरा सांगते. डोंगरांमधील खिंडी अडवून त्यानें पाणी थोपविलें, आणि लोकांनीं त्याला कोलासुर म्हणून देवपण दिलें. असे तलाव कोहळ्यांनीं ह्या मुलखांत जागोजाग बांधले. बांध घालणें, गाळ काढणें, पाणी वांटणें, ह्या कामांनीं गांव एकत्र राहत असे; आणि जो पाटील हें करवून घेई, त्याच्या अधिकाराला कागदाची गरज नसे.

कालचक्र मात्र दोन्ही देशांत जवळजवळ एकदमच फिरलें. नोव्हेंबर १९५० मध्यें डेव्हनशरचे दहावे ड्यूक वारले. त्यांच्या मिळकतीवर शेंकडा ८० दरानें मृत्युकर बसला, आणि तो फेडतांना घराण्याला हार्डविकचा जुना वाडा सोडावा लागला. इकडे ३१ मार्च १९५१ रोजीं मध्यप्रदेशांतील जमीनदाऱ्या व मालगुजाऱ्या कायद्यानें संपुष्टांत आल्या. भंडारा तेव्हां त्याच प्रांतांत होता. कसणाऱ्याच्या डोक्यावरचा एक धनी गेला, हें न्याय्यच झालें. पण त्याबरोबर तलावही सरकारजमा झाले, आणि गाळ कोणीं काढावा, ही जुनी जबाबदारी पोरकी झाली.

सरकारी दप्तरांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, लोक नुसतें ‘मामा तलाव’ म्हणतात. मालगुजार माजी झाले. तलावांना माजी होऊन चालणार नाहीं. धानाला आजही पाणी लागतें. वारसा सांगावयाचा असेल, तर गाळ काढण्याची पाळीही आपलीच आहे.